मदत हवी आहे: तिघांचा पहिला ट्रॅक डे

नमस्कार मंडळी. मी, बायको आणि १९ वर्षांची लेक, तिघेही बाइकवेडे. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर (सुमारे ३.७ किमी, १२ वळणं) ट्रॅक डेला, म्हणजे आपल्याच बाइक तिथे चालवायला, जायचं ठरतंय. परवा ताम्हिणीत लेकीने ऐन वळणात घाबरून पुढचा ब्रेक दाबला. तिची आर-१५ बाइक सरळ उभी होऊन पार पांढऱ्या पट्टीपर्यंत गेली. ‘नजर वळणाच्या शेवटाकडे ठेव’ हे बापाने कितीदा सांगायचं? प्रशिक्षकाचं तरी ऐकेल!

बायकांच्या मापाचे लेदर सूट भाड्याने मिळतात का? बायकोने मागवलेला खांद्यात बसला, कमरेत अडला. गाड्या टेम्पोने न्याव्यात की टाकी रिकामी करून रेल्वे पार्सलने? आणि नवशिक्यांच्या गटात तिघांना एकत्र सोडतात का? बायको माझ्यापेक्षा वेगात जाते, तेवढं सांभाळून उत्तर द्या.