गरम इंजिन आयडलिंगला मिसिंग मारतं, रेस दिली की सुरळीत – मदत हवी आहे

चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन. थंड असताना चोकवर छान चालतं. गरम झालं की आयडलिंगला थरथरतं, आरपीएम 600 ते 900 खालीवर होतो, मधूनच बंद पडतं. प्लग नवे, पॉइंटचा (इग्निशनच्या कॉन्टॅक्टचा) गॅप 0.4 मिमी, ठिणगीचं टायमिंग तपासलंय. मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं हवा-पेट्रोल मिश्रण ठरवणारा) आतबाहेर केला तरी फरक शून्य. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
स्क्रूला इंजिन दाद देत नाही, ही मोठी खूण आहे. गाडी बंद पडू नये म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू चढवलाय का?

धागाकर्ता
हो, बराच.

प्रतिसाद १
मग आधी तो उतरवा. बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) जास्त उघडा राहिला की ट्रान्झिशनची भोकं (झडपेच्या कडेजवळची, रेस देताना पेट्रोल सोडणारी) मोकळी होतात, पेट्रोल तिथून येतं आणि मिक्श्चर स्क्रू नावापुरता उरतो. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड-दोन आटे बाहेर घ्या. जोर लावलात तर टोकाला खाच पडते, मग सेटिंग जुळत नाही.

आता गरम इंजिनवर चोक किंचित ओढा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी: एकतर कुठूनतरी जादा हवा शिरतेय, नाहीतर स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलाय. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा व्हॉल्व्ह), डेल्कोचा (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) व्हॅक्यूम, एकेक नळी चिमटून बघा. मग कार्ब्युरेटरखालच्या आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर पाण्याचा बारीक फवारा मारा, डेल्को आणि वायरी सांभाळून. चाल क्षणभर बदलली तर गळती तिथेच. क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनवर मारू नका, आग लागते.

प्रतिसाद २
आयडल सोलेनॉइड (आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) असेल तर चावी ऑन करून त्याची वायर काढा-लावा, 'टिक' ऐकू यायलाच हवं. नाही आलं तर आयडलचं पेट्रोल बंदच आहे. स्लो जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

प्रतिसाद ३
व्हॅक्यूम गेज मिळाला तर मॅनिफोल्डला लावाच. समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला काटा 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर हवा. स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक लयीत झटका मारत असेल तर कार्ब्युरेटर सोडा आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) बघा, एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल.