किल चेनमध्ये कॉसमॉस कुठे बसवणार?

सात पायऱ्यांची किल चेन, म्हणजे टेहळणीपासून अंतिम उद्दिष्टापर्यंत सायबर हल्ल्याचे टप्पे, मांडली की लष्करी सायबर हल्ला ओळखता येतो, असं म्हणतात. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. चोर घरात शिरला कसा ते त्यातून कळतं, पाठवला कुणी ते नाही. आपल्या पुण्याचंच बघा. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. खऱ्या एटीएम स्विचला (पैसे द्यायचे की नाही हे बँकेला विचारून ठरवणाऱ्या यंत्रणेला) बगल देऊन खोटा स्विच उभा केला होता. खात्यात शिल्लक आहे का हे न विचारताच तो 'द्या पैसे' म्हणत सुटला, तब्बल २८ देशांत! इथे सगळे त्याला दरोडाच म्हणत होते. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने तो उत्तर कोरियाच्या नावावर मांडला, निर्बंध चुकवून पैसा उभारायच्या उद्योगात. परिणाम बघून वर्गवारी केली तर ही चोरी, हेतू बघून केली तर एका देशाची मोहीम. मी तरी हेतूच आधी बघेन.