सॉफ्टवेअरसाठी कोणता कोर्स घेतला? नागपूरकरांचे अनुभव

इंजिनिअरिंगच्या सी.ई.टी.चे पर्सेंटाइल आले की नागपुरात घरोघरी एकच चर्चा: कॉम्प्युटर शाखा मिळेल का? सल्ला द्यायला मावशी, शेजारचे काका, क्लासचे सर सगळे तयार असतात. त्या वाटेने नुकतंच जाऊन आलेल्या मुलांना मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बी.सी.ए., बी.सी.सी.ए., बी.एस्सी., ज्या दाराने तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आलात त्याबद्दल लिहा. पॅकेजचे आकडे नकोत, ते जाहिरातींत पानभर छापून येतात. कॉलेजात शिकलेलं काय कामाला आलं आणि काय स्वतःच शिकावं लागलं, ते हवंय. तक्रार असेल तर कॉलेजचं नाव न घेता.

सुरुवात मी करते. माझी शाखा आय.टी., काम टेस्टिंगचं, ऑफिस परसोडीच्या आय.टी. पार्कात. प्रवेशाच्या वेळी घरच्यांना 'कॉम्प्युटर'च हवं होतं. मी दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचले. डेटा स्ट्रक्चर, डी.बी.एम.एस. (म्हणजे डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क दोन्हीकडे होतं. कंपायलर आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन कॉम्प्युटरवाल्यांना जास्त खोलात. बाबांना कागद दाखवला आणि विषय मिटला. पुढे मुलाखतीत शाखेबद्दल एकही प्रश्न आला नाही. डेटाबेसमध्ये इंडेक्स कधी लावायचा, हे मात्र बारकाईने विचारलं. पाटीवरचं नाव सोडा, तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरचे विषय वाचा, हे मी भेटेल त्याला सांगते.

डिप्लोमावाला, कळमना

काहून बारावी नाही केली बे, असं मित्र अजूनही विचारतात. कारण साधं होतं. बाबा मार्केटमध्ये दिवाणजी, मागे दोन बहिणी. दहावीनंतर तीन वर्षांत हाताला काहीतरी लागलं पाहिजे होतं. सदरचं गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक १९१४ पासूनचं, फी कमी, दहावीच्या मार्कांवर प्रवेश. तिथं कॉम्प्युटर घेतलं. बारावीवाले मित्र जेईईचे गणितं सोडवत होते तेव्हा मी सी भाषा आणि डेटाबेसच्या एस.क्यू.एल. मध्ये हात काळे करून राहिलो होतो.

डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या सरळ दुसऱ्या वर्षात जाता येतं. सी.ई.टी. लागत नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षातल्या रिकाम्या राहिलेल्या. हे बऱ्याच पालकांना माहीतच नाही.

पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती मी सांगतो. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर येतो आणि वर्गातल्या बाकीच्यांचं एम-वन, एम-टू झालेलं असतं. लॅप्लास ट्रान्सफॉर्म सुरू झाला आणि आम्ही डिप्लोमावाले मागच्या बाकावर एकमेकांकडे पाहत होतो. होस्टेलच्या एका सिनिअरदादाने रात्री आम्हाला बसवून इंटिग्रेशनपासून शिकवलं. त्याचे उपकार आहेत. प्रॅक्टिकलला मात्र उलटं. तिथं अख्खा वर्ग आमच्याकडे यायचा. डिप्लोमा करणाऱ्यांनो, शेवटच्या सुट्टीत एम-वनचं पुस्तक उघडाच.

मुलीची आई, महाल

मला कोडिंगमधलं काही कळत नाही, पण कागदपत्रांचं पक्कं कळतं, म्हणून लिहिते. आम्ही ओ.बी.सी. आहोत. २०२४-२५ पासून ओ.बी.सी., ई.डब्ल्यू.एस. आणि एस.ई.बी.सी. मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. त्याआधी आम्ही तिला घराजवळ बी.एस्सी.ला घालायचं ठरवत होतो, फीच्या धसक्याने. त्या निर्णयामुळे ती डेटा सायन्सला गेली. बाकीचे खर्च, लॅपटॉप, जाणं-येणं आपल्यालाच करावं लागतं. सीताबर्डीहून मेट्रोने लोकमान्य नगरला उतरते, पुढे ऑटो.

मुलींच्या आयांनो, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. जून-जुलैत सेतूमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुलगा असेल तर टी.एफ.डब्ल्यू.एस. बघा, त्यातही शिक्षण शुल्क माफ असतं. जागा ५ टक्केच असतात, म्हणून मार्क चांगले लागतात.

बी.सी.सी.ए., मग एम.सी.ए.; नंदनवन

नागपूर विद्यापीठाबाहेर बी.सी.सी.ए. म्हटलं की लोकांना कळत नाही. कॉमर्स आणि कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन एकत्र, असं समजावून सांगावं लागतं. मला अकाउंट्स आवडायचं आणि प्रोग्रॅमिंगही, दोन्ही मिळालं. आज बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. डेबिट-क्रेडिट, जी.एस.टी. हे इंजिनिअर झालेल्या टीममेटला समजावते तेव्हा त्या तीन वर्षांचं चीज झाल्यासारखं वाटतं.

पुढे एम.सी.ए. करायचं मनात असेल तर गणिताचं बघून घ्या. बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट असते, नसेल तर राहिलेलं गणित भरून काढणाऱ्या ब्रिज कोर्सचा प्रश्न येतो. एम.सी.ए. आता दोनच वर्षांचं आहे, पूर्वी तीन होतं. आणि बी.सी.ए.लाही २०२४ पासून वेगळी सी.ई.टी. सुरू झाली. बारावीनंतर सहज जाऊन नाव घालू, असं म्हणणाऱ्या ओळखीच्या दोन मुलींची तारीख चुकली. तेवढं सांभाळा.

ए.आय. शाखा, तिसरं वर्ष

आमच्या खासगी कॉलेजात शाखा नवी निघाली तेव्हा माहितीपत्रकावर रोबोटचं चित्र होतं. शिकवायला कॉम्प्युटरचेच सर, लॅबही तीच. मशीन लर्निंगच्या तासाला पी.पी.टी. वाचून दाखवली जायची. मला राग आहे तो याचा की लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी घाईघाईत उरकलं. तेच तर या शाखेचं मूळ आहे! आम्ही चौघांनी एन.पी.टी.ई.एल.चे मोफत कोर्स धरून ते स्वतः केलं. शाखा वाईट नाही. पण कॉलेज बघायला जाल तेव्हा विचारा: या शाखेचे स्वतःचे शिक्षक किती, आणि संख्याशास्त्र कोण शिकवतं?

निवृत्त, लक्ष्मीनगर

मी व्ही.आर.सी.ई.चा, म्हणजे आजच्या व्ही.एन.आय.टी.चा. कॉलेज १९६० चं, २००२ मध्ये एन.आय.टी. झालं. माझी शाखा मेटलर्जी. कॉम्प्युटर सेंटरमध्ये फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो आणि तिथेच रमलो. नोकरीसाठी मुंबई गाठावी लागली, इथे सॉफ्टवेअर कंपन्या नव्हत्या. आता मिहानमध्ये टी.सी.एस., इन्फोसिस, एच.सी.एल. आहेत, पोरांना घरचा डबा खाऊन कामावर जाता येतं, याचं मला फार समाधान आहे.

नातवाच्या वेळी एक कळलं ते सांगतो. व्ही.एन.आय.टी.त निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी आहेत. २०१६ ला सुरू झालेल्या, आता बुटीबोरीजवळ वारंग्याला असलेल्या ट्रिपल आय.टी.त तसा राज्याचा कोटा नाही. दोन्हीकडे जेईई मेन लागते. जेईईचे मार्क बेताचे असले तरी जोसाचा, म्हणजे या केंद्रीय संस्थांच्या एकत्रित प्रवेशाचा, फॉर्म भराच.

बारावी झालेला, उमरेड

सगळ्यांना नमस्कार. माझा प्रश्न आहे. जुन्या, चांगल्या कॉलेजात ई.एन.टी.सी. (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळेल असं वाटते, नवीन कॉलेजात ए.आय. मिळते. सॉफ्टवेअरमध्येच जायचं आहे. घरचे ए.आय. म्हणून राहिले. काय घेऊ?

ई.एन.टी.सी.वाला, हिंगणा रोड

भाऊ, मी ई.एन.टी.सी. करून वीज मीटरचं फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम लिहितो, दिवसभर सी भाषेत. मायक्रोकंट्रोलर आणि सिग्नल्स कॉलेजातच नीट शिकलो, डेटा स्ट्रक्चर मात्र स्वतः केलं, कारण आम्हाला ते वरवरच होतं. कॅम्पसला बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या आमची शाखाही घेत होत्या, पण प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांचेच विचारत. म्हणजे दुप्पट अभ्यास. सर्किट बघून तुला कुतूहल वाटत असेल तर बिनधास्त घे. सर्किटचा कंटाळा असेल तर चार वर्षं जड जातील, कॉलेज कितीही जुनं असो, मग ए.आय. घे, पण वर त्या तिसऱ्या वर्षाच्या पोराने लिहिलेले प्रश्न विचारून.

आणि पसंतीक्रम जपून भर. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत यादीतली पहिलीच पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून घरच्यांच्या समाधानासाठी काहीतरी वर टाकू नको. फॉर्म लॉक करण्याआधी यादी इथे टाक. शनिवारी नागपूरला येत असशील तर आय.टी. पार्कच्या ठेल्यांवर संध्याकाळी भेटू, दोन्ही कॉलेजांतल्या सेकंड इयरच्या पोरांना बोलावतो.