कांगारू केअर सक्तीची करा, म्हणे. आधी आईला खाट द्या!

केळीवाला_रावेर : पुतणी जळगावात बाळंत झाली. बाळ १७०० ग्रॅमचं, म्हणून तीन दिवस काचेच्या पेटीत. आई वरच्या मजल्यावर, दूध वाटीतून खाली जायचं. चौथ्या दिवशी एका सिस्टरनं बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच घालून तिच्या उघड्या छातीवर उभं धरलं, मान एका कुशीला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून ओढणीनं बांधलं. तासाभरात गारठलेली पावलं ऊन झाली. हीच ती कांगारू केअर. हे पहिल्याच दिवशी का नाही? धुळे-नंदुरबार-जळगाव, सगळीकडे सक्तीचं करा.

धुळ्याचा_भो : सक्ती कोणावर, भो? सिझरचे टाके ओले असलेल्या बाईवर? सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात हे सुरू झालं तेच मुळी पेट्या पुरेनात म्हणून. उद्या मुंबईला यंत्रं आणि अक्कलकुव्याला आईचं अंग, अशी वाटणी होईल. तुम्ही टाळ्या वाजवा.

रातपाळी_सिस्टर : गरिबाचा उपाय म्हणू नका, स्वीडनमध्येही करतात. २०२१ साली भारतासह पाच देशांतला अभ्यास आला. बाळं १ ते १.८ किलोची. जन्मल्याबरोबर छातीवर घेतलेली २८ दिवसांत शंभरात १२ दगावली. तब्येत सावरेपर्यंत थांबवलेली जवळपास १६. पण ऑक्सिजन, सलाइन काही काढून घेतलं नव्हतं, आणि आईची खाट नवजात कक्षातच होती. आमच्याकडे आईला प्लॅस्टिकची खुर्ची. दोन तासांत कंबर जाते, मग बाळ परत पेटीत.

धुळ्याचा_भो : मग मी वेगळं काय म्हणतोय? आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत अंगाला अंग?

रातपाळी_सिस्टर : तेव्हा शाल नाही, पातळ सुती कापड. ताप मोजत राहायचा. आई दमली की आजी घेते, बापही चालतो.

सातपुड्याची_आशा : बाप कुठला ताई, तो गुजरातेत ऊसतोडीला. आई सहाव्या दिवशी पळते, घरी दोन लेकरं उपाशी. पण शिकवून पाठवलेली बाई झोपडीतही बांधते बाळाला, मी पाहिलंय. पेटी काही धडगावच्या डोंगरात येत नाही.

धुळ्याचा_भो : हे मात्र मान्य. घरी न्यायची विद्या म्हणून शिकवा. दवाखान्यात सक्ती खाट आल्यावर. आणि पडदा! सगळ्या वॉर्डासमोर छाती उघडी टाकून कोणती सून बसेल?

रातपाळी_सिस्टर : पडद्याचा अर्ज दोनदा दिलाय. सध्या दोन सलाइन स्टँड आणि माझी जुनी साडी.