गोव्याने आपली वीज आपणच निर्माण करावी का?

सांगेकर (धागाकर्ता)

गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि उन्हाळ्यातली विजेची कमाल मागणी सहाशे मेगावॅटच्या वर. तरीही स्वतःचे म्हणावे असे एकही मोठे वीजनिर्मिती केंद्र या राज्यात नाही. आपल्या घरातला दिवा लागतो तो छत्तीसगडमधील कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा केंद्रीय औष्णिक केंद्रांतून ठरलेल्या वाट्यावर, आणि काही अंशी तारापूर व काक्रापारच्या अणुविजेवर. सांकवाळला नाफ्त्यावर (खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर) चालणारे 48 मेगावॅटचे एक खासगी केंद्र 1999 च्या सुमारास सुरू झाले होते. त्याची वीज महाग पडत असे, आणि पुढे करार संपल्यावर तेही थांबले. त्यानंतर कोणत्याही सरकारने या प्रश्नाकडे मनापासून पाहिले, असे मला वाटत नाही.

गोव्यात कोळशावरचे केंद्र उभारा, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे छपरांविषयी आहे, आणि डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांतल्या बंद खाणींच्या पाण्याने भरलेल्या खंदकांविषयी आहे. त्या खंदकांचा काही भाग तरंगत्या सौर पट्ट्यांसाठी वापरता येईल. त्यासाठी शेत घालवावे लागणार नाही की झाड तोडावे लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळाले. स्वच्छ ऊन असले की दिवसाला बारा युनिट वीज सहज तयार होते, आणि दुपारी मीटरसमोर उभे राहिले की बाहेर जाणाऱ्या युनिटांचा आकडा डोळ्यांदेखत पुढे सरकतो. हे एका घराला जमते तर लाख घरांना का जमू नये?

निवृत्त अभियंता, पर्वरी

सांगेकर, आपली तळमळ मला समजते. परंतु वीज क्षेत्रात पस्तीस वर्षे काढल्यानंतर आपल्या मांडणीशी सहमत होणे मला शक्य नाही. स्वतःचे केंद्र नसणे हा आपण दोष मानता. माझ्या दृष्टीने लहान राज्यासाठी ती मोठी सोय आहे. आपला वाटा अनेक केंद्रांत थोडाथोडा विखुरलेला असतो. विंध्याचलची क्षमता 4,760 मेगावॅट, कोरब्याच्या केंद्रीय प्रकल्पाची 2,600; तिथला 500 मेगावॅटचा एखादा संच अचानक बंद पडला, तर आपल्या वाट्याचे मोजके मेगावॅट जातात आणि बाकीचे ग्रीड, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांचे जाळे, सांभाळून घेते. याच गोव्यात तीनशे मेगावॅटचे एकच केंद्र असते आणि ते बंद पडले असते, तर निम्मे राज्य अंधारात गेले असते. सांकवाळच्या केंद्रातून घ्यायचा धडाही हाच आहे: लहान केंद्र, महाग इंधन आणि दीर्घ मुदतीचा करार हे तिन्ही एकत्र आले की त्याचा भार अखेर ग्राहकाच्या बिलावर येतो.

आता छपरांचा हिशेब करू. एक लाख घरांवर प्रत्येकी तीन किलोवॅट म्हणजे 300 मेगावॅट. आकडा मोठा वाटतो. पण गोव्यातला पावसाळा धरला तर त्यातून वर्षाला चाळीस कोटी युनिटांच्या आसपास वीज मिळेल. राज्याचा वार्षिक वापर चारशे कोटी युनिटांच्या वर आहे. म्हणजे लाख कुटुंबांनी पदरमोड केल्यावरही गरजेचा दहावा हिस्सा भरत नाही. शिवाय गोव्यात संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत घरांतली आणि हॉटेलांतली वातानुकूलन यंत्रे एकदम चालू असतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना तर अखंड वीज लागते. त्यांना ढग आल्याचे कारण सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बॅटरी नसलेली सौर यंत्रणा ग्रीडची वीज गेली की स्वतःहून बंद होते. खांबावर चढलेल्या लाईनमनच्या अंगावर उलट दिशेने वीज येऊ नये, म्हणून इन्व्हर्टरची रचनाच तशी केलेली असते. जूनमध्ये फणसाची फांदी 11 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तारेवर पडते आणि वीज जाते, तेव्हा आपल्या छपराचाही उपयोग नसतो. गोव्यात वारंवार वीज जाते ती निर्मिती कमी आहे म्हणून नाही, तर वितरणाच्या तारा जुन्या आणि उघड्या आहेत म्हणून. पैसा खर्च करायचाच असेल तर तो भूमिगत केबलींवर आणि बाहेरून येणाऱ्या आणखी एका भक्कम 400 केव्ही वाहिनीवर करावा.

कुळागर

आणखी एक वाहिनी, हे दोन शब्द लिहिणे सोपे आहे. ती कुठून येणार, हेही लिहिले पाहिजे. गोव्यात बाहेरून वीज आणण्यासाठीच्या तमनार प्रकल्पातील, धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यातल्या शेल्ड्यापर्यंतच्या 400 केव्ही वाहिनीचा मूळ आराखडा पश्चिम घाटातून, मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा पाडणारा होता, आणि सांगोडला उपकेंद्रासाठी हजारो झाडे तोडायची होती. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळातही तरुण मुले त्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने जागेवर जाऊन पाहिले आणि फोंडा ते आंबेवाडी या जुन्या 220 केव्ही वाहिनीच्याच पट्ट्यातून नवी वाहिनी न्यावी, अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये ती स्वीकारली. ज्यांना विकासविरोधी म्हटले, त्यांचे मूळ म्हणणेच त्या निर्णयाने ग्राह्य ठरले.

माझे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, त्याच बाजूला आहे. उच्चदाबाच्या तारेखालचा पट्टा कसा असतो ते मी रोज पाहतो: माड नाही, पोफळ नाही, वाढू पाहणारे प्रत्येक झाड दरवर्षी छाटलेले, आणि पावसाळी हवेत तारांचा सतत चालणारा बारीक चरचर आवाज. अशा तारांचे अंतर जितके कमी ठेवता येईल तितके ठेवावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि त्यासाठी काही वीज तरी इथेच तयार झाली पाहिजे.

निवृत्त अभियंता, पर्वरी

जुन्या पट्ट्याचा निर्णय योग्यच झाला, हे मी मान्य करतो. त्या वेळी माझे मत वेगळे होते. वाहिनीची गरज मात्र त्यामुळे संपत नाही.

हसदेवकाठ

मी मूळचा बिलासपूरचा मराठी माणूस. नोकरीची अनेक वर्षे कोरब्यात गेली. वरची सगळी चर्चा वाचली. कोरब्यातून येणारी वीज दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली दिसते, म्हणून लिहितो.

कोरबा शहराभोवती एकच नव्हे, अनेक औष्णिक केंद्रे आहेत, म्हणून कोणा एकाचे नाव घेत नाही. उन्हाळ्यात राखेच्या तलावांवरून वारा सुटला की आम्ही दोरीवरचे कपडे धावत जाऊन काढत असू. सकाळी तुळशीच्या पानावरून बोट फिरवले तर बोट करडे होई. माझी आई पाणी घालण्याआधी एकेक पान ओल्या फडक्याने पुसत असे. गेवरा, दीपका, कुसमुंडा या उघड्या खाणी शहराला लागूनच आहेत, आणि कोळशाचे ट्रक रात्रंदिवस ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्याकडेच्या झाडांना पावसाळा येईपर्यंत हिरवा रंग नसतो. वर हसदेव अरण्यात नव्या खाणींविरुद्ध आदिवासी गावे वर्षानुवर्षे आंदोलन करीत आहेत.

अभियंता म्हणतात, बाहेरची वीज ही लहान राज्याची सोय आहे. ती सोय आहे, हे मीही मानतो. पण मोल्याच्या झाडांसाठी रस्त्यावर येणाऱ्या गोव्याने हसदेवच्या झाडांचाही विचार करावा, ही माझी अपेक्षा आहे, कारण ती झाडे तुटतात त्यामागे तुमचाही वाटा आहे, कितीही लहान असला तरी.

दोडामार्गकर

सीमेपलीकडून माझेही दोन शब्द. घाटात धरणे बांधून जलविद्युत करावी, असा सल्ला अशा चर्चेत हमखास येतो. तो येण्यापूर्वीच तिलारीचा अनुभव सांगतो. चंदगड बाजूला घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली कोनाळच्या वीजगृहात येते, साठेक मेगावॅटचा संच फिरवते, आणि तेच पाणी पुढे महाराष्ट्र व गोवा यांच्या संयुक्त धरणातून कालव्याने बार्देश, पेडण्यापर्यंत जाते. वीज महाराष्ट्राची, पाणी बव्हंशी गोव्याचे. संच काही मिनिटांत चालू करता येतो, त्यामुळे संध्याकाळच्या मागणीला अशी वीज फार उपयोगी पडते, हे अभियंता अधिक चांगले सांगतील. पण त्या धरणाखाली आमची गावे गेली. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेली पिढी आज पन्नाशीकडे झुकली आहे, आणि नोकरीच्या आश्वासनांचे अर्ज अजून फायलींत आहेत. नवे धरण नको. सांगेकरांचे खाणींचे खंदक मला त्या मानाने बरे वाटतात. मात्र उन्हाळ्यात शेतीसाठी त्याच खंदकांतून पाणी उपसले जाते, हे विसरू नये.

सांगेकर (धागाकर्ता)

अभियंत्यांचा हिशेब मी मान्य करतो, आणि तोच पुढे नेतो. छपरांवरून चाळीस कोटी युनिट. औष्णिक केंद्रात एका युनिटासाठी साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे वर्षाला 2 लाख 80 हजार टन कोळसा जळायचा थांबतो. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. म्हणजे नव्वद हजार टनांच्या वर राख दरवर्षी कोरब्यासारख्या ठिकाणी पडायची राहील. हसदेवकाठ यांच्या आईला जी पाने पुसावी लागत, त्यांच्यावर पडणाऱ्या राखेचा हा हिशेब आहे. 'दहावा हिस्साही नाही' म्हणून ज्याची बोळवण केली, ते एवढे आहे.

ग्रीडमधून बाहेर पडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. रात्रीची वीज आणि भट्ट्यांची वीज बाहेरूनच येणार, आणि केबली भूमिगत करण्यालाही माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण दुपारचा वातानुकूलनाचा भार तरी आपण आपल्या उन्हावर का पेलू नये? संध्याकाळसाठी मोठ्या हॉटेलांना बॅटरी बसवणे बंधनकारक करता येईल. त्यांना तो खर्च झेपणारा आहे.

निवृत्त अभियंता, पर्वरी

कोळशाचा हिशेब बरोबर आहे. तो मी आधीच मांडायला हवा होता.

तरी एक प्रश्न उरतोच. ज्याला स्वतःची गच्ची आहे त्याचे बिल शून्यावर येते. पण तारा, रोहित्रे आणि लाईनमनचा पगार यांचा खर्च कमी होत नाही. तो उरलेल्या ग्राहकांवर पडतो, म्हणजे पर्वरी-म्हापशातल्या सदनिकांत राहणाऱ्या भाडेकरूंवर आणि कौलारू घरांवर. मंगळुरी कौलांवर पट्ट्या बसवायच्या तर वर लोखंडी सांगाडा उभारावा लागतो; तो खर्च अनुदानात बसत नाही आणि जुन्या वाशांना पेलवतही नाही. त्यामुळे योजनेचा लाभ आधीच बऱ्या स्थितीत असलेल्यांना मिळतो. सुरुवात खासगी बंगल्यांपासून करण्यास माझा विरोध आहे, तो यासाठी.

सांगेकर (धागाकर्ता)

मग सुरुवात सरकारी शाळांपासून करू. छप्पर सार्वजनिक, वीज लागते ती दिवसाच, आणि वाचलेले बिल शेवटी सगळ्यांचेच. मे महिन्यात वर्ग रिकामे असतात आणि ऊन सर्वांत कडक असते. त्या दिवसांत शाळेच्या छपरावरची जवळजवळ सगळी वीज शेजारच्या घरांकडे जाईल, अगदी त्याच दुपारी, जेव्हा त्या सदनिकांतल्या भाडेकरूंचे पंखे आणि फ्रीज पूर्ण वेगाने चालू असतात.