प्रतिपिंड ही पेशी आहे का? आणि तो, ते की ती?

एका लेखाचं भाषांतर तपासतोय, त्यात "प्रतिपिंड पेशी रक्तात फिरत राहतात" असं वाक्य आलंय. माझ्या माहितीप्रमाणे प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, रोगजंतूंशी लढणारं नुसतं प्रथिन, पेशी नाहीच. पण 'पिंड' म्हटलं की गोळा नाहीतर देह डोळ्यासमोर येतो, त्यामुळे चूक भाषांतरकाराची की शब्दाची तेच कळेना. शिवाय एका पानावर 'प्रतिपिंडे तयार झाली', दुसऱ्यावर 'प्रतिपिंड तयार झाले'. काय ठेवू?

—

दोघांचीही :) 'बॉडी'ला 'पिंड' असं शब्दाला शब्द चिकटवलंय. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने १८९१ मध्ये 'आंटीकोर्पर' हा जर्मन शब्द वापरला तेव्हा प्रतिपिंडाची रचना कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे त्याला माफ. पण १९७२ मध्ये एडेलमन आणि पोर्टर या शास्त्रज्ञांना ज्याची रचना उलगडल्याबद्दल नोबेल मिळालं तो तर दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचा, वाय अक्षरासारखा रेणू. त्याला पिंड कशाला म्हणायचं? मी सरळ 'प्रतिद्रव्य' लिहितो.

—

अहो पण भौतिकशास्त्रवाले ॲंटिमॅटरला प्रतिद्रव्य म्हणतात, त्याचं काय? राहू दे प्रतिपिंड, फक्त शेजारची 'पेशी' काढा.

—

पेशी काढा, पण प्रतिपिंड कोण बनवतं ते सांगून. प्रतिपिंड बनवते बी पेशी, ही एक पांढरी रक्तपेशी, आणि हा 'बी' म्हणजे बीज असं मी कितीतरी वर्षं समजत होतो, हसू नका. तो बोन मॅरोचाही नाही. पक्ष्यांच्या शेपटीकडे बर्सा नावाची एक पिशवी असते, ती काढलेल्या कोंबड्यांना प्रतिपिंड बनवता येईनात हे १९५६ मध्ये ग्लिक आणि सहकाऱ्यांनी छापलं, तिथला हा बी. आपल्याला ती पिशवीच नाही, आपलं हे काम अस्थिमज्जेत चालतं, आणि तिचंही इंग्रजी नाव बी वरूनच, योगायोग!

तशीच दुसरी पांढरी रक्तपेशी म्हणजे टी पेशी. तिचा टी छातीतल्या थायमस ग्रंथीचा, या ग्रंथीला मराठीत 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. वयात आल्यावर आक्रसत जाते म्हणून. असा शब्द पाहिजे, नावातच गोष्ट कळली.

—

मला अडतं ते 'नाईव्ह बी सेल'पाशी. एकाने 'भोळी पेशी' केलं होतं. ती भोळी कसली, अस्थिमज्जेत जनुकांचे तुकडे जुळवून स्वतःचा ग्राहक (रिसेप्टर, परका रेणू पकडणारा) बनवून, स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक जणी गाळल्या गेल्यावर उरलेली असते ती. फक्त प्रतिजनाशी (अँटिजेन, म्हणजे प्रतिपिंड ज्याच्याविरुद्ध बनतात तो परका पदार्थ) गाठ पडलेली नसते. 'नवखी' म्हणा. गाठ पडली की विभागत सुटते, काहींच्या स्मृतिपेशी होतात, काहींच्या प्लाझ्मा पेशी. या प्लाझ्मा पेशी स्लाइडवर लगेच ओळखू येतात, केंद्रक एका कडेला ढकललेलं आणि त्यात घड्याळाच्या तबकडीसारखे ठिपके. सेकंदाला हजारो प्रतिपिंड बाहेर टाकतात. आणि हो, रक्तातला प्लाझ्मा वेगळा, त्याला 'रक्तद्रव' लिहा नाहीतर वाचणारा पुन्हा गोंधळणार.

—

'प्रतिजन' पण फसवा आहे, 'जन' म्हणजे लोक वाटतात, विरोधी पक्षातले. हा जन 'जनक'मधला, प्रतिपिंड तयार करायला लावणारा.

—

लिंगाचं राहिलंच. पिंड पुल्लिंगी, 'त्याचा पिंडच वेगळा' म्हणतो ना आपण. म्हणजे एक असला तर तो प्रतिपिंड, अनेक असले तर ते प्रतिपिंड. 'प्रतिपिंडे' छापून येतं खूप, पण मी नाही लिहिणार.

—

चालेल, "बी पेशींनी बनवलेले प्रतिपिंड रक्तात फिरत राहतात" असं करतोय.