१८५०-६० च्या दशकांतल्या अमेरिकन फोटोत मुलगे फ्रॉकमध्ये का?

प्रश्न: मी सध्या जुने अमेरिकन फोटो बघतोय, डागेरोटाइप (चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे), टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचे) वगैरे. एका फोटोत तीनेक वर्षांचं पोर आहे, खांदे उघडे टाकणारा रुंद गळ्याचा फ्रॉक, खाली लेसवाली पॅन्ट, आणि खाली लिहिलंय मुलगा! तेव्हा सगळ्याच मुलांना असं घालायचे का? मग ओळखायचं कसं?

प्रतिसाद १: हो, अगदी सर्रास. साधारण चार ते सहा वर्षांपर्यंत मुलगे फ्रॉकमध्येच असायचे. कारण साधं आहे, लंगोट बदलायला सोपं, आणि पोर वाढलं की शिवणीतल्या टिपा उसवून तोच फ्रॉक लांब करता यायचा, पॅन्टचं तसं नाही ना. ओळखायचं तर भांग बघ. मुलींचा बहुतेक वेळा मधोमध, मुलांचा बाजूला. हातात चाबूक किंवा छोटी हातोडी असेल तर बहुधा मुलगाच, पण एकाच खुणेवर जाऊ नकोस हं.

प्रतिसाद २: भांग बघताना एक लक्षात ठेव, टिनटाइपमध्ये चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, त्यामुळे उजवा भांग डावा दिसतो आणि बटणंसुद्धा उलट्या बाजूला जातात, मी स्वतः यात फसलोय.

प्रतिसाद ३: थोड्या मोठ्या मुलांना पट्ट्याचा ट्युनिक, म्हणजे लांब सदरा, आणि पॅन्ट. यादवी युद्धाच्या काळात, १८६१-६५, झुआव्ह सैनिकांसारखी (उत्तर आफ्रिकी धाटणीचा गणवेश घालणाऱ्या तुकड्या) गोल कडांची, गोफाची नक्षी लावलेली जॅकेटं फार चालली, मला तीच सगळ्यात आवडतात. फोटोच्या मागे कराचा स्टॅम्प आहे का बघ, तेव्हा फोटोंवर सरकारी कर होता, असेल तर १८६४ ते ६६ मधला धर.